फाटक उघडेपर्यंत

आई, परवाच्या रविवारी मी तुझा एक नियम मोडला, आणि तोही धाकट्या भावासमोर. आधी खेळ काय तो सांगते, नाहीतर तू म्हणशील, एवढी घोडी झाली तरी अजून खेळतेच का. लातूरला आमच्या घरी रविवारी दुपारी तीन-चार टाळकी जमतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलतात, आणि पुढं काय होईल याची खात्री नसली की फासा टाकायचा. दुसरीकडची पोरं यात राक्षस मारतात म्हणे. मी गोष्ट सांगते तेव्हा एसटी चुकते, सलाईनची बाटली संपते, टायर पंक्चर होतं. माझ्याबरोबर शिकवणीत रसायन शिकवणारे सर यावरून दर वेळी वाद घालतात. "मॅडम, एवढं खरंच पाहिजे तर खेळायचं कशाला? भाहीर जाऊन भोगूच की." माझा नवरा मान हलवतो आणि भजी खातो. मला मात्र वाटतं, नियम खरा असला की आपण खेळतोय हे माणूस विसरतो, आणि विसरला तरच मजा. हे वेड तूच लावलंस.

इस्लापूरच्या दवाखान्याची ओसरी. मी आणि धाकटा दवाखाना-दवाखाना खेळतोय, तो पेशंट, त्याच्या पायाला मी तुझं जुनं पातळ गुंडाळलंय. तू आतून येतेस. आम्हाला वाटतं, आता सिस्टरबाई शाबासकी देणार. तू ते पातळ ओढून काढतेस. "अशी बांधतेत का पट्टी? सुटली तर रगत जाईल त्याचं. खेळायचं तर खरं खेळा, न्हाईतर अभ्यासाला बसा." मग ड्युटी सोडून खाली बसतेस, पट्टी कशी घट्ट घ्यायची ते दाखवतेस, आणि माझी तीन बोटं त्याच्या मनगटावर ठेवून सांगतेस, पेशंट तोंडानं सांगतो ते अर्धं, नाडी सांगते ते पुरं. त्याच संध्याकाळी रबर चिरलेला एक स्टेथोस्कोप तू आम्हाला दिलास. त्यातून काही ऐकू येत नसे, तरी आम्ही त्यावरून भांडायचो.

खेळात खोटं चालू न देणारी तू वॉर्डात मात्र बिनदिक्कत खोटं बोलायचीस. एकदा पान लागलेल्या, साप चावलेल्या माणसाला बैलगाडीतून आणलं होतं. तू नाडी धरलीस, क्षणभर थांबलीस आणि त्याच्या बायकोला म्हणालीस, "बाई, गरम पाणी आन बरं, पळ." ती पळाली. मी स्टुलावर बसून गृहपाठ करत होते. ती पातेलं घेऊन आली तोवर तू त्याच्या अंगावर चादर ओढलेली होतीस. असं मी पुष्कळदा पाहिलं. कुणाला पाण्याला, कुणाला चहाला, कुणाला उगीच डॉक्टरसाहेबांच्या घरी पाठवायचीस. खिडकीत निवत पडलेल्या त्या पाण्याचं तू कधीच काही केलं नाहीस. मी विचारलं तेव्हा एवढंच बोललीस, "आपल्या मानसाचं तसलं तोंड बघितलं की जलमभर डोळ्यातनं जात न्हाई. तू वही बघ." धाकटा तेव्हा वॉर्डात बसण्याएवढा नव्हता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तुझ्या छातीत कळ आली त्या दिवशी मी लातूरला वर्गावर होते. त्यानंच तुला जीपमध्ये घातलं आणि नांदेडला निघाला. नंतर मला सांगितलं, "वाटेत गेली." बस्स. त्यापुढं त्यानं तोंड उघडलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. तो नांदेडलाच राहतो, इस्लापूरला जायचं तर रेल्वेनं जातो, त्या रस्त्याला गाडी घालत नाही. फोनवर "बरं हाय, तू?" एवढंच. आई, तू गेलीस ते गेलीस, पण तो जिवंत असून माझ्या हातातून निसटत चालला होता आणि मला त्याची फार भीती वाटत होती. परवा ऑफिसच्या कामानं लातूरला आला आणि रविवारी राहिला. नवऱ्यानं त्याला ओढून खेळात बसवलं.

गोष्ट मी आधीच बांधून ठेवली होती. इस्लापुरात एका म्हाताऱ्याला साप चावतो आणि जीपमधून त्याला नांदेडला पोचवायचं. रस्ता तोच, कारण खड्ड्यांसकट पाठ असलेला रस्ता माझ्याकडं तेवढा एकच. बदलता आला असता, मी बदलला नाही. नवरा म्हाताऱ्याचा मुलगा झाला, सर गावचे मास्तर झाले, उरला तो ड्रायव्हर धाकट्याकडं गेला. म्हाताऱ्याचं बोलणं माझ्याकडं. त्याची तब्येत फाशावर, आणि फासा मी उभ्या केलेल्या लग्नपत्रिकेच्या आड टाकायचा. खेळणाऱ्यानं "कसं वाटतंय" विचारलं तर म्हातारा वाटेल ते सांगेल. पण गाडी थांबवून नाडी धरली तर मी खरं तेच सांगायचं. तुझाच नियम होता तो.

हिमायतनगर गेलं. धाकटा आधी हातचं राखून बोलत होता, मग हळूहळू खराच गाडी चालवू लागला. त्याचा उजवा पाय सतरंजीवर दाबला जात होता. पुढं रेल्वेचं फाटक लागलं. फासा वाईट पडला होता. म्हातारा आता फार वेळचा नाही हे मला दिसत होतं, आणि अशा वेळी तोंडात जे आलं ते मी म्हाताऱ्याच्या आवाजात बोलून गेले. "फाटक उघडंस्तोवर च्या पिऊन ये जा बाबा."

धाकट्याचा पाय सतरंजीवरून उठला. चेहरा उतरला. "कुनी सांगितलं तुला?"

"काय कुणी सांगितलं?"

"आक्का, माझी थट्टा करून राहिलीस का? तिनं हेच म्हनलं होतं. हेच. मी म्हनलो, नगं, बसतो तुझ्यापाशी. तर लई चिडली. जा म्हनली. मी गेलो." तो सरांकडं नाही, माझ्याकडंही नाही, त्या पत्रिकेकडं बघत होता. "च्या पिलो मी. पुरा पिलो. वर टपरीवाल्याला सुट्टे मागत बसलो. फाटक उघडलं म्हनून पळत आलो, तर..."

सर उठायला लागले. "आपण इथंच थांबू या."

"न्हाई," धाकटा म्हणाला. "बसा सर. हे पुरं करायचं."

मग मी त्याला पाण्याची गोष्ट सांगितली. पान लागलेल्या माणसाची बायको, खिडकीतली पातेली, तू मला काय म्हणालीस ते, सगळं. तो ऐकत राहिला आणि अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "म्हंजी तिला ठाव होतं? मुद्दाम धाडलं मला?"

"हाव," मी म्हणाले.

तो गुडघ्यांवर पुढं सरकला आणि म्हणाला, "ड्रायव्हर च्याला जात न्हाई. नाडी धरून बसतो." आणि त्यानं खरोखर माझं मनगट धरलं, तीन बोटांनी, तू शिकवलंस तसं. मला फासा टाकावाच लागला. पत्रिकेआड एक पडला. एक म्हणजे म्हातारा संपला. नाडी धरली की खरं सांगायचं, नियम तुझा, खेळात आणलेला मी, आणि सरांशी त्यावरून मी किती भांडले आहे. त्याची बोटं थंडगार होती. त्याच्या बोटांखाली माझीच नाडी धडधडत होती.

"लागते का?" त्यानं विचारलं. सर पत्रिकेवरून वाकायला लागले, तशी मी तळहातानं फासा झाकला.

"लागते," मी म्हणाले. "फाटक उघडलं बघ. चल, घे गाडी."

त्यानं गाडी घेतली. भोकर गेलं, आणि म्हातारा नांदेडला पोचला. धाकटा रडला, मग तोंड धुऊन उरलेली भजी सगळी खाल्ली. निघताना दारात म्हणाला, "आक्का, पुढल्या महिन्यात इस्लापूरला जाऊ. गाडीनं." मी बरं म्हणाले आणि आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले.

तो फाशाचा एक मला बोचत नाही. तुला बोचेल, पण तू माझ्या जागी असतीस तर तूही तेच केलं असतंस. बोचतंय ते दुसरंच, आणि म्हणून हे पत्र मी त्याच्याही हाती लागू देणार नाही. तू त्या फाटकापाशी सगळं ओळखून त्याला दूर पाठवलंस, की पोरगा सकाळपासून उपाशी आहे, दोन घोट चहा पिईल एवढंच तुझ्या मनात होतं, हे मला माहीत नाही, आई. तुझ्या मनगटावर तेव्हा कुणाचीच बोटं नव्हती. तरी त्यानं विचारलं, आणि मी हाव म्हणाले.