तेरावी सही

हल, १२ मार्च

प्रिय विल्फ,

आपल्या इमारतीचं छत अजून गळतंय. वरच्या मजल्यावर पॉलीन उशाशी बादली ठेवून झोपते. मालक कंपनीचा माणूस तिला म्हणाला, "तुम्ही घरात कपडे वाळवता, म्हणून ओल येते."

आम्ही रहिवाशांची संघटना काढली आहे. तिला मान्यता मिळाली की स्वतःचा तज्ज्ञ आणून छत तपासायचा हक्क मिळतो. कायदा मी ग्रंथालयात बसून वाचला. त्यासाठी चोवीसपैकी तेरा घरांच्या सह्या हव्या होत्या.

तेरावी सही माझी होती. कंपनीनं ती नाकारली, कारण भाडेपट्टा अजून तुझ्या एकट्याच्या नावावर आहे.

"अगं एनिड, विल्फ आता वरून येऊन सही करणार आहे का?" पॉलीन म्हणाली आणि लगेच माझा हात धरला.

नावबदलाचा अर्ज तीन वर्षं कपाटात पडून होता. नाव काढलं तर तू दुसऱ्यांदा जाशील, असं वाटायचं. आज तो भरला आणि तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासह टपालात टाकून आले.

खालच्या दाराच्या घंटेशेजारचं तुझं नाव काढायला मात्र कुठलाच कायदा सांगत नाही. ते मी काढणार नाही.

तुझीच,
एनिड