मेंढरांचे वाळलेले कान

देवगाव फाटा, ता. सेलू
मंगळवार, २१ जानेवारी १९९२

प्रिय भुजंग,

अनेक आशीर्वाद. सकाळपासून पेन धरून बसलोय, सुरुवात सुचत नाही. शाळेत असतो तर फळ्यावर एखादी कविता लिहून तुला म्हणायला लावली असती. शब्द पुस्तकातले आणि चाल मेंढरं हाकतानाची; वर्ग हसायचा, मी मात्र डोळे मिटून ऐकायचो. असो. म्हाताऱ्याला आठवणींत शिरलं की बाहेरची वाट सापडत नाही.

पावसाळ्यानंतर फाशी रोगानं, तुमच्या भाषेत अँथ्रॅक्सनं, आबा चारतात ती दत्तरावांची किती मेंढरं गेली, ते तू दिवाळीत पाहिलंसच. तुझ्या आबांनी सगळी खोल पुरली, पण रीतीप्रमाणे प्रत्येकाचा मालकाच्या खुणेचा कान कापून, राख चोळून ठेवला. दुसऱ्याची मेंढरं चारणाऱ्याला तोच एक पुरावा. गुढीपाडव्याच्या मोजणीला मालकापुढं कान ठेवायचे: मेंढरू मेलं, विकून खाल्लं नाही. तू बजावलंस, कान जाळा, त्यात रोगाचं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आबा म्हणाले, "जाळतो की. मग दत्तराव चोर म्हनले तर तुझी लशीची कंपनी येनार हाय का पुण्याहून?" तूसुद्धा हसलास.

त्याच संध्याकाळी ओसरीवर तू तुमच्या बायोटेक्नॉलॉजीचं सांगितलंस. कुणी वैरी याच रोगाची भुकटी करून शहरात उधळू शकतो, म्हणून लस आणि तपासणी आधीच तयार हवी, सरकारनं तुमच्यासारख्या कंपन्यांना तसं सांगितलंय. आखाताची लढाई आम्ही रेडिओवर ऐकलेली. अंगावर काटा आला. पण अभिमानही वाटला रे. जन्मभर मी वर्गात तलवारी-भाल्यांच्या कविता शिकवल्या, आणि माझा विद्यार्थी काचेच्या नळीत ढाल घडवतोय!

गेल्या बुधवारी तुमच्या दारात जीप थांबली. मी तिथंच चहा घेत होतो. माणूस गोड बोलणारा. "भुजंगरावांच्या कंपनीतून आलोय. ते कान द्या, लशीच्या कामाला हवेत." आबा उठलेही. मी म्हटलं, बसा, भुजंगला पत्र टाकतो, उत्तर आलं की घेऊन जा. त्याचा चेहराच फिरला. "त्यांना कळवू नका. काम गुप्त आहे." तशी भिवराबाई चुलीपुढून उठली. "माझ्या लेकाचं नाव सांगून आलास, अन् माझ्या लेकालाच सांगू नको म्हनायलास? कसला पाव्हना रं तू?" तो हसला. जाताना म्हणाला, "रविवारी येतो. तेव्हा नाही म्हणालात तर भुजंगरावांच्या नोकरीचं अवघड होईल."

मग रोज ती जीप फाट्यावर उभी दिसू लागली. आबांचा घास तोंडातच फिरायचा. कान जाळले तर आपण चोर ठरणार. दिले तर कुणाच्या हातात पडणार? ढाल घडवणाऱ्याच्या, की ज्याच्या भयानं ढाल घडवायची त्याच्या? दोघांनाही बी एकच लागतं, हे तूच सांगितलं होतंस.

शनिवारी सकाळी आबांनी माळावर खड्डा खणला, बाभळीची लाकडं रचली. आम्हाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं आणि लांब काठीनं सगळे कान जाळात ढकलले. रविवारी जीप आली तेव्हा भिवराबाईनं खड्ड्याकडं बोट केलं, "ने की. लागंल तेवढी राख ने." तो जीप वळवून निघून गेला. पण काल दत्तराव पारावर सगळ्यांदेखत बोलले, "कान जळाले म्हने! मेंढरं कुन्या बाजारात जळाली, ते बगू पाडव्याला." आबा तसेच घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

तुला वाटेल, गुरुजींनी त्या माणसाची चौकशी करायला पत्र लिहिलं. तसं नाही. त्या दिवशी घरात पाय टाकताच, कुणाला काही न विचारता, तो मागच्या आढ्याला टांगलेल्या बांबूच्या डालीकडं बघत होता. कान तिथं आहेत हे तुम्हा तिघांना आणि मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझ्या आईवडिलांच्या ते ध्यानात आलं नाही. मीही बोललो नाही, बोलणार नाही. तू भोळेपणानं कुठं बोललास की आणखी काही, तेही विचारत नाही. तू पाडव्याला ये. दत्तरावांपुढं आबांच्या शेजारी उभा राहा आणि मेंढरं कशानं मेली ते तुझ्या तोंडानं सांग. आणि तो माणूस तुझ्या ओळखीचा असेल, तर तेवढं आईला सांगू नकोस. तिला वाटतंय, तिनं त्या दिवशी तुझं नाव राखलं.

तुझेच,
दिनकर गुरुजी