ऑक्टोबर की डिसेंबर

बाबा, तुमची नात बारावीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीय. तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजात जायचंय आणि दोन महिने आमच्या बदलापूरच्या घरात एकच विषय चाललाय, अर्ज लवकर करायचा की थांबून. तुमच्या वेळी निकाल लागायचा, कॉलेजच्या बोर्डावर यादी लागायची, विषय संपला; म्हणून नीट सांगते. लवकरचा अर्ज नोव्हेंबर लागताच जातो. तो एकाच कॉलेजला करायचा आणि त्यांनी घेतलं की जायचंच, मागे फिरणं नाही. नेहमीचा अर्ज जानेवारीत, दहा ठिकाणी केला तरी चालतो. लवकर अर्ज करणाऱ्यांना जागा मिळण्याची आशा जरा जास्त, असं सगळे म्हणतात. पण मग प्रवेशपरीक्षा ऑक्टोबरमध्येच उरकावी लागते. थांबलं तर डिसेंबरला आणखी एकदा देता येते. ती गणितात पक्की आहे, इंग्रजीच्या उताऱ्यांत अडखळते. मी पहिल्यापासून डिसेंबरच्या बाजूची. उल्हासनगरला तिच्या क्लासचे सिंधी सर आहेत, ते मला हसून म्हणाले, “मॅडम, बच्ची की तैयारी हो रही है. आप भी थोडी कर लो.” मला राग आला होता त्यांचा.

थांबण्याची शिकवण तुमचीच. मोरिवलीच्या रंगाच्या कारखान्यात तुम्ही बॅच सांभाळायचात. घरी येताना खिशात फिल्टर पेपरचे गोल तुकडे असायचे, मधोमध बॅचमधल्या रंगाचा लाल नाहीतर निळा ठिपका आणि भोवती पसरलेली कडा. कडा साफ आली की बॅच झाली, नाहीतर अजून अर्धा तास, हे मला सातवी-आठवीतच पाठ होतं. बारावीला मी पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजची परीक्षा देते म्हणाले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात आईच्या शेजारी पाटावर बसला होतात, अंगात निळे डाग पडलेला बनियन. माझा सरावाचा पेपर हातात घेतलात आणि खिडकीच्या उजेडाला धरून बघितलात, अगदी फिल्टर पेपर बघावा तसा. मग म्हणालात, “अजून कच्चं आहे. पुढल्या साली दे. अर्धवट काम मी कारखान्याच्या गेटबाहेर सोडत नाही, घरातलं का सोडू?” आई म्हणाली, “अहो, बसू तरी द्या तिला.” तुम्ही भाकरी मोडलीत आणि बोलणं तिथेच थांबलं. मी रडले, दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुढलं साल आलं तोवर मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला रुळले होते. तेव्हापासून आजवर ज्याला त्याला सांगत आले, बाबांनी जाऊ दिलं नाही.

पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यातला आणखी एक दिवस आहे. तुम्ही दुपारीच घरी आलात, ताटावर बसलात आणि जेवेनात. आईने दोनदा विचारल्यावर म्हणालात, “माल गेला. कडा साफ येईना म्हणून मीच थांबवला, अजून अर्धा तास, अजून अर्धा तास. शेवटी काळवंडला. आधीच उतरवायला हवा होता.” मी दाराआड उभी राहून ऐकलं आणि मला बरं वाटलं, चांगली अद्दल घडली म्हणून. इतकी दुष्ट होते मी तेव्हा. थांबूनही काम बिघडतं, हे तुम्ही त्या दिवशी उघड कबूल केलं होतं, आणि मी मात्र आयुष्यभर तुमचा पाटावरचा नकार तेवढा जपून ठेवला.

ऑक्टोबरची परीक्षा झाली आणि परवा स्कोर आला, सोळाशेपैकी चौदाशे साठ. चौदाशे ऐंशी आले तर लवकर अर्ज कर, असं मी म्हटलं होतं. ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी म्हटलं, “वीसच मार्क राहिले गं, डिसेंबरला सहज होतील. एवढी घाई कशाला?” ती ओरडली नाही. म्हणाली, “मम्मी, ऑगस्टमध्ये तू चौदाशे वीस म्हणाली होतीस. मग प्रॅक्टिसला चौदाशे तीस आले तेव्हा म्हणालीस पन्नास. मग ऐंशी. तू नंबर बोल ना एक फायनल. यार, किती आले की तू मला सोडशील?” बाबा, माझ्याकडे आकडा नव्हता. तिचा स्कोर वाढला की मी माझा आकडा वर सरकवत होते, आणि हे मला स्वतःलाही कळलं नव्हतं. नेहमीच्या अर्जात मुंबई-पुण्याची कॉलेजंही उरतात, जानेवारी लांब असतो, तिचं मन बदलू शकतं. लवकरच्या अर्जात तिला जावंच लागतं. मला तिची तयारी बघायची नव्हती, मला ती घरात हवी होती.

लवकरच्या अर्जावर आईबापांपैकी एकाची सही लागते, कबूल आहे म्हणून. काल दुपारी ती क्लासला गेल्यावर मी तिचा लॅपटॉप उघडून बसले. “थांब” म्हटल्यावर पोरीचा चेहरा कसा उतरतो, तेच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. ऑगस्टपासून प्रत्येक वेळी उतरलाय. मग मी सहीच्या जागी माझं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. डिसेंबरात त्यांनी नाही म्हटलं तर रडेल, जानेवारीत दुसरीकडे अर्ज करेल. हो म्हटलं तर मी रडेन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते. त्या दिवशी तुम्ही पाटावरून नाही म्हणालात तेव्हा माझा चेहरा उतरला नव्हता, बाबा. पुण्याला एकटीने राहायची मला भीती वाटत होती. मी रडले ते तुम्हाला दिसावं म्हणून. आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.