ओठांचं मेण

सोलापूर,
माघ, सन १९३१

प्रिय जोतीराम,

‘प्रिय’ हे रीत म्हणून लिहिलं आहे, त्याला भुलू नकोस. तुझं कार्ड काल पोचलं. धाकट्या बहिणीची अब्रू काढायची, तीही उघड्या कार्डावर! आमच्या पोस्टमनने वाचलं, शेजारच्या मल्लव्वाने मुलाकडून वाचून घेतलं, आणि मग ते माझ्या हातात आलं. ‘गोजराच्या पेटीत मेणाची डबी सापडली. विधवेला मेण कशाला लागतं ते मी जाणतो. ती तुझ्याकडेच आली असेल, तिला उलट गाडीने लावून दे, टेंभुर्णीला सासरी नेऊन घालतो.’ कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात इंजिनं दुरुस्त करतोस म्हणे. मेण म्हटलं की सवाष्णीचं कपाळ आणि त्यावरचं कुंकू, याच्या पलीकडे तुझी अक्कल जात नाही.

ती डबी मी दिली होती. संक्रांतीला तुमच्याकडे आले तेव्हा गोजराचे ओठ इतके फुटले होते की चटणी लागली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तू समोर बसून जेवत होतास, तुला दिसलं नाही. लहानपणी तुझे ओठ फुटले की आई निजताना तुझ्या बेंबीत तेलाचं बोट घालायची आणि मी तुझे पाय धरून बसायची, कारण गुदगुल्या होऊन तू लाथा झाडायचास. तुझ्या ओठांसाठी सगळं घर जागं राहायचं. हिच्या ओठांसाठी मी एकटी.

घरी आले आणि मध विकणाऱ्या बाईकडून पोळ्याचं मेण घेतलं. पाण्यात उकळलं, फडक्यातून गाळलं, गार झाल्यावर वर धरलेली पिवळी वडी काढून तिच्या खालचा गाळ खरवडला. मग गरम पाण्यात वाटी ठेवून ते करडईच्या तेलात विरघळवलं आणि वर थोडं लोणकढं तूप घातलं. पहिल्या खेपेला दगड झाला. पुन्हा वितळवलं, तेल वाढवलं, थेंब ताटलीवर टाकून बोटाने दाबून पाहिलं, तेव्हा कुठे लोण्यासारखं जमलं. ते भरून गोजराला धाडलं कशात, ठाऊक आहे? आप्पांच्या तपकिरीच्या डबीत. झाकणाला पोचा आहे ती. तूच लहान असताना पाडली होतीस. बापाची डबी तरी ओळखायची होतीस. तू ती चुलीत टाकलीस.

आणि एवढं तेल घातलेल्या मेणावर कुंकू टिकत नाही रे शहाण्या. घाम आला की ओघळतं. तुझी बायको रोज कपाळाला मेण लावते, तिला विचारायचं होतंस. पण विचारणार कोण? फुटके ओठ भरून यावेत म्हणून मी मलम दिलं आणि त्याच तोंडावर तू हात उचललास. गोजरा इथे आली तेव्हा ओठ सुजलेले होते. गाडीत बायका विचारत होत्या तेव्हा तिने पडले म्हणून सांगितलं. तुझी लाज राखली तिने. मी राखणार नाही.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. खाली सही करून टाकायचं, एवढंच राहिलं होतं. तुझं तोंड कायमचं बंद करावं म्हणून म्हटलं, गोजराकडूनही एकदा वदवून घ्यावं. ती भाकरी थापत होती. मी विचारलं, त्या मेणावर तू कधी कुंकू लावलंस का? हात न थांबवता ती म्हणाली, “व्हय अक्का. एकदा लावलं हुतं. लई पातळ हाय ते. नाकावर उतरलं, मग पुसलं.”

मला राग आला, जोतीराम. तिने लावलं याचा नाही. तिला ते पुसावं लागलं याचा. मी उठले, माझं कपाळाचं घट्ट मेण आणलं आणि तिच्या कपाळावर बोट फिरवून त्यावर कुंकू ठळक बसवलं. तिचे दोन्ही हात पिठात होते, पण मान मागे घेतली नाही. हे गिरणीतून आले, त्यांनी पाहिलं, हातपाय धुतले आणि तिलाच वाढायला सांगितलं. मी त्यांची इतकी वर्षांची बायको, पण त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

तेव्हा तुझा संशय खरा निघाला, हेच कळवायला हे पत्र. गोजरा कुंकू लावते. ती टेंभुर्णीला जाणार नाही आणि तुझ्या चुलीपुढेही यायची नाही. राखीपुनवेला बहिणींना भेटावंसं वाटलं तर इकडे ये, तिच्या कपाळाकडे नीट बघायची तयारी असेल तर. सासरी काय कळवायचं ते उघड्या कार्डावर कळव, तेवढं तुला जमतं. या खेपेचं मेण घट्ट आहे. ओघळायचं नाही.

तुझीच, अजून तरी,
वच्छाअक्का