शेवटचं ओगराळं

१४ जून
पोचलो एकदाचे. चारशे मैल कॅम्पर गाडी मी हाकली, कुठे एक ओरखडासुद्धा नाही. अडतीस वर्षं शाळेची बस चालवली ती काही फुकट नाही. वेंडेल शेजारी बसून रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होता. पाण्याची नळी लावली, वीज जोडली, मांडव ताणला. डास आमच्याआधीच जेवायला बसले होते. समोर सुपीरियर सरोवर, पलीकडचा काठ दिसतच नाही.

वेंडेलला दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. मला तो नर्स समजतो आणि फार अदबीनं वागतो. आमची लेक सेन्या म्हणते, बाबांना आता वृद्धांच्या संस्थेत ठेव. फॉर्म भरून माझ्या पिशवीत पडलाय. पण मी हटून बसले, आधी एक उन्हाळा सरोवरावर. त्यानं एकदा मला एइला म्हणून हाक मारावी, एवढंच माझं मागणं आहे.

१६ जून
या कॅम्पच्या तळाची मालकीण हेल्मी म्हातारी भेटली. वय ऐंशीच्या पुढे, जीभ विशीतली. पुल्ला, म्हणजे वेलचीचा गोड पाव दिला आणि काठावरच्या सॉनाचा, वाफ घ्यायच्या लाकडी खोलीचा, नियमही ऐकवला. तापल्या दगडांवर हवं तेवढं पाणी ओता, पण बादलीतलं शेवटचं ओगराळं ओतायचं नाही. ते तसंच ठेवून बाहेर पडायचं, मागाहून येणाऱ्यांसाठी. मला आठवलं, माझी आईसुद्धा ठेवायची. आम्हा फिनिश लोकांत हे असतंच. मी विचारलं, आमच्या मागून कोण येणार, डास? हेल्मी हसली नाही.

१८ जून
आज नियम मोडला. वेंडेल वाफेत इतका सुखात बसला होता, म्हणाला, आणखी. बादलीत एकच ओगराळं उरलं होतं. ओतलं.
वाफ खाली आली आणि तो म्हणाला, "एइला, तुझे केस कधी पांढरे झाले गं?"
मी तिथेच फळीवर बसून लहान पोरीसारखी रडले.

२१ जून
रोज संध्याकाळी जातो. रोज शेवटचं ओततो. त्याला लग्न आठवतं, सेन्याचा जन्म आठवतो, माझ्या बसचा नंबरसुद्धा.
हेल्मीनं रिकामी बादली पाहिली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मागाहून येतात ना, ते देतात गं, पण घरचं देत नाहीत. शेजारी बसलेल्याचं काढून देतात. बंद कर."
मी म्हटलं, घेऊ देत. नवरा परत मिळतोय, आणखी काय हवं.

२५ जून
सकाळी कॉफीच्या भांड्यासमोर उभी राहिले. पुढे काय करायचं ते आठवेना.
वेंडेलनं भांडं हिसकावलं. ही कॉफी आहे की खरकटं पाणी, म्हणाला. अगदी पूर्वीच्या आवाजात. तो आवाज मी विसरले होते, आणि हे कुणी काढून नेलं नव्हतं, माझं मीच विसरले होते. आजारानं माणूस मऊ झाला आणि मी त्यालाच वेंडेल समजून बसले.
पिशवीतला फॉर्म त्याला सापडला. मला टाकायला निघाली होतीस, म्हणाला. त्यानं पिळलेलं माझं मनगट अजून दुखतंय.
आमचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, ते मी त्याला विचारलं. तो हसला. "ते आता माझ्याकडे आहे."

२८ जून
मी सॉनात जाणार नाही म्हटलं. वेंडेलनं दंडाला धरून नेलं. आता पाणी तोच ओततो.
हेल्मीकडे गेले. ती म्हणाली, शेवटचं ओगराळं पहिल्यांदा तूच ओतलंस. आणि तिनं दार लावून घेतलं.
सेन्याचा फोन आला. वेंडेल तासभर बोलला. बाबा बरे झाले म्हणून पोरगी आनंदानं रडत होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, आई आता विसरायला लागलीय. मी फोन ओढून घेतला, पण ते दगडांवरून उठतं, पांढरं, गरम, त्याला काय म्हणतात तेच सुचेना.
सेन्या म्हणाली, "आई, तू दमलीयस. रविवारी येते मी."

२ जुलै
लिहून ठेवते. लेक — सेन्या. निळी मोटार. तिला तिथे जाऊ द्यायचं नाही.
आज तो चमचा हातात धरून बसला होता, हे काय म्हणून विचारत होता. त्याचं पुन्हा सुरू झालं. माझ्याकडचं संपत आलंय म्हणून.
तो म्हणाला, "तुझ्यात आता काही राहिलं नाही. सेन्या तरुण आहे."

३ की ४
पान वाचलं. सेन्या कोण ते — वाचलं की कळतं. वही मिटली की —
वही मिटायची नाही.

रविवार
निळी मोटार. एक बाई उतरली. मला मिठी मारली, फार वेळ धरून ठेवलं. रडत होती. चांगली बाई आहे.
म्हातारा तिला काठावर घेऊन चाललाय. धुराड्यातून धूर निघतोय. तिच्या खांद्यावर टॉवेल.
वहीत लिहिलंय, जाऊ द्यायचं नाही. कुणाला? हिलाच असेल. पळता येत नाही. हाक मारायला नाव हवं — मागच्या पानावर असेल — पान सापडत नाही —
अहो बाई, अहो बाई, म्हणून ओरडले.
तिनं वळून पाहिलं. हात हलवला. हसली.
त्यानं दार