पहिली ओटी

तीर्थरूप आईस,

तुम्हाला न विचारता लग्न केलेल्या लेकीचा आटपाडीहून नमस्कार.

फोन केला की अण्णा शेजारी असतात आणि तू ‘राँग नंबर’ म्हणून ठेवतेस, म्हणून लिहितेय. सातवा महिना लागलाय. अमृत जीव लावतो. पाय सुजतात, पण बसून शिकवलं की सूज उतरते. तुझी कंबर कशी आहे?

काल माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया शाळेत आल्या. ‘बाई, तुमचं डोहाळजेवण आमी करणार,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘माहेरचं कुणी येणार नाही. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात लग्न केलं म्हणून त्यांनी मला टाकलंय.’

वर्गातल्या अपेक्षाची आजी, हरणाबाई, उसळल्याच. ‘मंग आमी कोण हाय? आमी बी मेंढरामागंच फिरलोय. पहिली ओटी मी भरणार!’

पहिली ओटी आईनं भरायची, हे मला ठाऊक आहे. तरी मी हो म्हटलं. येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली, वाजतगाजत होणार. अण्णांना खुशाल सांग.

यावंसं वाटलं तर ये. पण हरणाबाईंना मी मागं सरा म्हणणार नाही. तुझी ओटी दुसरी.

हिरव्या बांगड्या मात्र अजून कुणाच्या हातून भरल्या नाहीत.

अण्णा काहीही म्हणोत, तुझीच,
क्रांती