नऊ खोकी

वरकुटे,
१९ फेब्रुवारी

प्रिय स्वरूपा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. दहा-बारा दिवस तुझा फोन न उचलणाऱ्या आईला पत्र कसं सुचलं, असं वाटलं असेल. मधेच राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

आबांचं तेरावं झालं, तू बारामतीला गेलीस, आणि मी त्यांची खोली आवरायला घेतली. पिशवी टांगायचा स्टँड, पाणी कोमट करायचं यंत्र, मास्क, हातमोजे आणि पोटातून करायच्या डायलिसिसच्या पाण्याची खोकी. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून मोजायला बसले. रोज तीन पिशव्या लागायच्या. एक जानेवारीला टेम्पोनं पंधरा खोकी उतरवली होती, एकेकात सहा पिशव्या. आबा चोवीसला पहाटे गेले. म्हणजे साडेतीन खोकी उरायला हवी होती. भरली नऊ.

आधी वाटलं, माल जास्त आला असेल. पावती काढली, तर पंधराच. मग तुझी वही उघडली. अंगणवाडीत तीस वर्षं मी हजेरीपट भरलाय. एका बैठकीत भरलेली महिन्याची हजेरी मला लांबून ओळखू येते. तुझ्या वहीत रोज तीन नोंदी, वेळेसकट, आणि जानेवारीभर आकडे तेच ते: दोन लिटर आत, दोन लिटर शंभर मिली बाहेर. आजारी माणसाचं शरीर असं रोज मापात वागतं होय?

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरतो, म्हणून पिशवी बदलायचं काम तुझ्याकडे. जंतू शिरू नयेत म्हणून तू दार लावून, पंखा बंद करून आत, आणि मी ओसरीवर. आत काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही. आता एकेक आठवू लागलं. आबांचे पाय सुजले तेव्हा तू म्हणाली होतीस, थंडीनं होतं. डॉक्टरांना फोन लावते म्हटलं, तर म्हणालीस, मी लावलाय. कॉलेजातली रजा संपत आली म्हणून तुझी घालमेल चालली होती, तीही आठवली. आईनं मनात आणू नये ते मी आणलं. पोरगी कंटाळली; काम टाळलं आणि वही भरली.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. मी पुण्याला युवराजला फोन करून सगळं सांगितलं. तुझा भाऊ किती तापट ते मला ठाऊक आहे. तो तुला काय काय बोलला असेल याची कल्पना असूनही मी त्याला अडवलं नाही.

परवा लासुर्ण्याचे इब्राहिमभाई सामान न्यायला आले. शेतातल्या मोटारी दुरुस्त करतात, ते. त्यांच्या बायकोचं, जरिनाचंही असंच डायलिसिस चालतं. तपासणीला बारामतीला जाता-येता आबांची नि त्यांची दोस्ती झालेली. पिशव्यांची मुदत, आतल्या पाण्याची ताकद सगळं त्यांनी जरिनाच्या डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं होतं. पण नऊ खोकी पाहून या माणसानं एक शब्द विचारला नाही. ज्याच्या घरात रोज पिशव्या लागतात, त्याला एवढी उरलेली बघून नवल वाटू नये? मला त्यांचाही संशय आला. वाटेत उभी राहिले आणि म्हटलं, "भाई, तुमाला कायतरी ठावं हाय."

हातातलं खोकं खाली ठेवून ते पायरीवरच बसले. "वहिनी, हिंदुरावांनी शपथ घातली व्हती. पन तुमच्याम्होरं आता खोटं बोलवत न्हाय. मला म्हनले, 'इब्राहिम, काळीज थकलंय, डॉक्टरांनी सांगितलंय. तीनतीनदा पाणी भरायचं नि काढायचं, ह्यातच दिस चाललाय. दोनदाच करायचं, मग एकदाच, आसं स्वरूपाला सांगितलंय. लई रडली, पन ऐकलं तिनं. तिच्या आईला कळलं तर ती न्हाय ऐकायची.' दार लावून तास तास पोरीसंगं बोलत बसतो, आसंबी म्हनायचे."

मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नकोस. गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. काल सकाळच्या एसटीनं बारामतीला आले आणि थेट डॉक्टरांसमोर जाऊन बसले. त्यांनी फाइल काढून दाखवली. तू त्यांना दोनदा भेटली होतीस. दुसऱ्या वेळी, पिशव्या कमी करायच्या हे आबांनी स्वतः फोनवर सांगितलं होतं, पूर्ण शुद्धीत. तिथून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. पुढं पाऊल उचललं नाही. कुठल्या तोंडानं येणार होते?

स्वरूपा, आबा खरं तेच बोलले होते. मला कळतं तर मी ऐकलं नसतं. रडून, भांडून, तीनाच्या चार पिशव्या लावायला लावल्या असत्या. म्हणून त्यांनी ते ओझं तुझ्यावर टाकलं, आणि वर मी चोरीचा आळ घ्यावा तसा आळ तुझ्यावर घेतला. राग अजून आहे. त्यांच्यावर जास्त, थोडा तुझ्यावरही. पण हे फोनवर सांगायला गेले असते तर नुसती रडत बसले असते, म्हणून लिहिलं. मला माफ कर. युवराजला काल सगळं सांगितलंय. रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. स्वयंपाकात अडकू नकोस, भाकरी मी बांधून आणते. तू फक्त माझ्याजवळ बस, आणि शेवटच्या दिवसांत तुझे आबा काय काय बोलले, ते मला सांग.

तुझीच,
आई